कासा गुइदीची खिडकी आणि आर्नोकाठची चिता

इटलीतल्या इंग्रजांवरची एक ऐतिहासिक कादंबरी मोठ्या आशेनं वाचायला घेतली आणि हिरमोड झाला. व्हिला, सायप्रसची झाडं, दुपारचा चहा सगळं होतं. इटालियन माणूस मात्र सामान उचलण्यापुरता, फार तर नायिकेनं प्रेमात पडण्यापुरता. या वस्तीचा खरा इतिहास कितीतरी जिवंत आहे, म्हणून जास्त वाईट वाटलं.

१८१५मध्ये नेपोलियनचा पाडाव झाला, युरोपातला प्रवास सुकर झाला आणि इंग्रज कुटुंबं फ्लॉरेन्समध्ये बिऱ्हाडं करू लागली. राहणं स्वस्त होतं, थंडी इंग्लंडपेक्षा सौम्य होती. शिवाय कर्ज किंवा घरच्यांचा राग मागे टाकता येई. इंग्रज कवयित्री एलिझाबेथ बॅरेट वडिलांच्या नकळत कवी रॉबर्ट ब्राउनिंगशी लग्न करून १८४६मध्ये इटलीला आली ती अशीच. १८४७पासून त्यांचा मुक्काम फ्लॉरेन्समधल्या कासा गुइदी या घरात. तिथल्या खिडकीतून तिनं आधी स्वातंत्र्याच्या आशेनं निघालेली मिरवणूक पाहिली, मग १८४९मध्ये शहरात शिरलेलं ऑस्ट्रियन सैन्य. दोन्हींवर तिनं दीर्घ कविता लिहिली. ती १८६१मध्ये गेली, तेव्हा तिच्या कवितेनं इटली आणि इंग्लंड यांना सोन्याच्या कडीनं जोडलं, अशा आशयाची पाटी शहरानं त्या घरावर लावली. तिची मोलकरीण विल्सन हिनं त्याच घरातल्या इटालियन नोकराशी, फेर्दिनांदो रोमान्योलीशी, लग्न केलं होतं. मला विचाराल तर कादंबरी या दोघांची व्हायला हवी!

याच शहरात ३० नोव्हेंबर १८७० रोजी कोल्हापूरचे राजाराम महाराज वारले. वय अवघं वीस, इंग्लंडचा दौरा आटोपून परतीची वाट. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं आणि दहनाची तिथे रीत नव्हती. तरी परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने नद्यांच्या संगमावर, काशीने बागेच्या टोकाला, चिता रचली गेली. परमुलखात संगम सापडला, हे वाचताना गलबलून येतं. १८७४मध्ये तिथे छत्री उभी राहिली. आतला महाराजांचा रंगीत अर्धपुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकारानं घडवला. तोही फ्लॉरेन्समध्ये स्थायिक झालेला इंग्रजच. शेजारी पुढे बांधलेल्या पुलाला लोक आजही ‘पोन्ते आलिंदियानो’, भारतीयाचा पूल, म्हणतात.