जिना उतरताना आधी काय टेकतं?

सोलापूर स्टेशनच्या पादचारी पुलावरून माणसं उतरत असतील तेव्हा त्यांच्या पावलांकडे बघा. सपाट फलाटावर टाच आधी टेकते. जिन्यावर मात्र त्याच माणसांचा चवडा आधी टेकतो, टाच मागाहून.

उतरणं म्हणजे अंग पायरीगणिक खाली पडू देणं आणि ते पडणं आवरणं. चवडा टेकला की पोटरी ताणली जाते आणि धक्का जिरवते. पण त्याआधीचं मोठं काम वर राहिलेल्या पायाचं. त्याचा गुडघा हळूहळू वाकतो, मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत सगळा भार खाली सोडतो. असं लांबत काम करताना स्नायूला दम कमी लागतो, पण त्याचे तंतू जास्त दुखावतात. गड बघून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, त्या मुख्यतः उतरण्यामुळे.

म्हणूनच गुडघा दुखत असेल तर उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकावा. भार पेलायला चांगला पाय वर राहतो. चढताना चांगला पाय आधी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एवढी साधी गोष्ट कुणी समजावून सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पेठेतल्या जुन्या घरांचे जिने उभे आणि अरुंद. पायरी पावलापेक्षा आखूड असली की टाच मागे अडते, पाऊल पुढं सरकतं आणि बोटं कडेबाहेर येतात. चवडाही कडेबाहेर गेला की पाय सटकतो. आजी कठडा धरून पाऊल आडवं टाकत उतरते, ते अगदी बरोबर आहे: आडव्या पावलाला पायरीवर पूर्ण जागा मिळते.

आपण प्रत्येक पायरी निरखत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच पाय उंचीचा अंदाज बांधतात आणि पुढं त्याच अंदाजानं पडतात. त्यामुळे पायऱ्या उंच असण्यापेक्षा असमान असणं जास्त घातक. आपल्याकडे तळमजल्यावर नंतर शहाबादी फरशी बसवतात, तेव्हा शेवटची पायरी फरशीच्या जाडीएवढी बुटकी होते. घरच्यांना सवय होते, पाहुण्याला मात्र जमीन अपेक्षेआधीच लागते आणि तो अडखळतो. फरशी बसवतानाच गवंड्याला सगळ्या पायऱ्या टेपनं मोजायला सांगा.

दोन नंबरांचा चष्मा असेल तर आणखी जपा. खालची काच वाचनासाठी असते, तिच्यातून पायरीची कड धूसर दिसते. उतरताना मान झुकवून वरच्या काचेतून बघावं, किंवा चालण्याफिरण्यासाठी फक्त लांबच्या नंबराचा वेगळा चष्मा करून घ्यावा.