घरात नवा मतदार आला की

तरुणांचा राजकारणावर परिणाम म्हटलं की मोर्चे, घोषणा आणि समाजमाध्यमांवरचा धुरळा एवढंच बहुतेकांना आठवतं. ते खोटं नाही, पण मोजायला महाकठीण. मोर्चात गेल्यामुळे एखादीचं मत बदललं, की आधीच बदललं होतं म्हणून ती मोर्चात गेली? याचा छडा लावताना अभ्यासकांच्या नाकी नऊ येतात. त्यामानाने एक जागा फारच सोयीची निघाली, ती म्हणजे घर. ज्या घरातलं पोर नुकतंच अठरा वर्षांचं झालंय, तिथले आईवडील मतदानाला किती जातात, एवढंच बघायचं.

डेन्मार्कच्या येन्स ओलाव डालगोर यांनी हेच केलं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात चार निवडणुका होत्या आणि कोणाला ‘तुम्ही मतदान केलंत का?’ असं विचारायची भानगडच नव्हती. हा प्रश्न विचारला की माणसं सर्रास थापा मारतात. न गेलेलेही ‘हो तर!’ म्हणतात. डेन्मार्कमध्ये 1968 पासून प्रत्येक रहिवाशाला एक नोंदणी क्रमांक असतो. त्यावरून जन्मतारीख, पत्ता, आईवडील असं सगळं कळतं. त्याला मतदान केंद्रावरच्या याद्या जोडल्या की कोण खरोखर आलं होतं ते दिसतं. मत कोणाला दिलं, ते अर्थातच नाही.

खरी गंमत तुलनेत आहे. समजा मतदान मंगळवारी आहे. एका घरातली मुलगी सोमवारी अठराची झाली, दुसऱ्या घरातली बुधवारी होणार. या दोन घरांच्या पगारात, शिक्षणात, राजकारणाच्या आवडीत सरासरीने काही फरक असायचं कारण नाही. तरी एकीला मत आहे, दुसरीला नाही. अशी मागेपुढे वाढदिवस असलेली पुष्कळ घरं शेजारी ठेवली आणि पहिल्या गटातले पालक जास्त संख्येने केंद्रावर आलेले दिसले, तर त्याचं श्रेय त्या पोरीच्या नव्या हक्कालाच द्यावं लागतं.

फरक निघाला शंभरात 2.8 चा. ऐकायला किरकोळ वाटतो. पण तिथले शंभरातले सुमारे 75 पालक तसेही मतदान करतातच. उरलेले 25 जण ‘आपल्या एका मतानं काय होतंय’ म्हणणारे. त्यातले जवळपास तीन जण, म्हणजे नवातला एक, केवळ घरात नवा मतदार आला म्हणून उठून गेला. लाखो रुपये खर्चून केलेल्या जाहिरातींनाही इतकं सहसा जमत नाही, असं माझं मत.

आणि यातला सर्वांत बोलका तपशील पुढे आहे. हा परिणाम फक्त मूल आईवडिलांसोबत राहत असेल तरच दिसतो. ते शिकायला किंवा नोकरीला बाहेर पडलं असेल, तर पालकांच्या मतदानात काही फरक दिसत नाही. म्हणजे ‘आमची लेक आता मतदार झाली’ या जाणिवेनं काम होत नाही. तिनं घरात असावं लागतं. तिच्या नावाची मतदार चिठ्ठी टपालानं येते, केंद्र कुठे आहे हे ती विचारते, निघताना ‘चला ना’ म्हणते, मग बाबांना चपला घालाव्याच लागतात.

एका छपराखाली राहण्याची ही ताकद किती, याचा अंदाज एका अमेरिकन प्रयोगातून येतो. 2002 मध्ये डेव्हिड निकर्सन यांनी डेन्व्हर आणि मिनीआपोलिस या शहरांत नेमके दोन मतदार असलेली घरं निवडली. काही घरांची बेल वाजवून दार उघडणाऱ्याला मतदान करायला सांगितलं. काही घरांत मात्र निवडणुकीचा विषयच न काढता कचऱ्याचा पुनर्वापर करा, असं सांगितलं. हा कचऱ्याचा फाटा कशाला? कारण बेल वाजल्यावर घरी असणारी आणि दार उघडणारी माणसं मुळातच थोडी वेगळी असतात. त्यांची तुलना दार उघडणाऱ्यांशीच करायला हवी. निकाल असा, की दार उघडणाऱ्यावर झालेल्या परिणामाचा सुमारे 60 टक्के भाग आत बसलेल्या दुसऱ्या माणसापर्यंत पोचला. त्याला कोणी काहीच सांगितलं नव्हतं.

राज्यशास्त्रात बराच काळ उलटी दिशा गृहीत धरलेली होती. आईवडिलांचा पक्ष तोच पोरांचा, असं. ते पुष्कळ अंशी खरंही आहे. पण वर चढणारा प्रवाह फक्त मतदान केंद्रापर्यंत नेऊन थांबतो असंही नाही. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात 10 ते 14 वर्षांच्या मुलांना शाळेत हवामानबदल शिकवला आणि घरी जाऊन पालकांची मुलाखत घ्यायला लावली. 2019 मध्ये आलेल्या या अभ्यासानुसार पालकांची काळजी वाढली. सर्वांत जास्त वाढली ती वडिलांची आणि पुराणमतवादी विचारांच्या पालकांची. आणि मुलांपेक्षा मुलींचा प्रभाव अधिक पडला. हे वाचून कोणत्याही मुलीच्या बापाला आश्चर्य वाटू नये.

आपल्याकडेही निवडणूक आली की शाळकरी मुलांच्या हाती पालकांसाठी संकल्पपत्र दिलं जातं. ‘आम्ही मतदान करू’ यावर आईबाबांनी सही करायची. कल्पना चांगली, पण सही म्हणजे मतदान नव्हे. डॅनिश पद्धतीची मोजणी आपल्या आजी-आजोबांच्या पिढीवर तर चाललीच नसती, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या गावाचा जन्म 1 जूनचा करून ठेवलेला.

भारतात 61व्या घटनादुरुस्तीनं मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं, मार्च 1989 मध्ये. वय योग्यच, वेळ मात्र जरा अडनिडी. अठरा म्हणजे लातूर-नांदेडचं पोर बॅग भरून पुण्याला निघण्याचं वय. नाव गावच्या यादीत, मुक्काम खोलीवर. डेन्मार्कमध्येही अठरा वर्षांची मुलं त्यांच्याहून थोड्या मोठ्या मुलांपेक्षा जास्त मतदान करतात, कारण त्या मोठ्या मुलांचं घर तोवर सुटलेलं असतं. ऑस्ट्रियानं 2007 मध्ये वय 16 वर आणलं. त्यानंतर तिथल्या 16-17 च्या मुलांचं मतदान 18 ते 20 च्या मुलांपेक्षा जास्त आढळलं.

2024 च्या लोकसभेला सुमारे 96.8 कोटी मतदारांत 18-19 वयाचे होते साधारण 1.8 कोटी. त्या वयाची मुलं देशात याच्या दुपटीहून जास्त आहेत. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला संस्थेचा दाखला जोडून तिथल्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं. पण त्यानं त्याचं एकट्याचं मत वाचतं, गावाकडच्या आईबापाला केंद्रावर नेणारं कोणी उरत नाही. 2022 पासून 17 पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज भरता येतो आणि पात्रतेच्या तारखाही एकट्या 1 जानेवारीऐवजी वर्षातून चार झाल्या आहेत. त्यामुळे नोंदणीचं शिबिर लावायचंच असेल, तर ते पदवी कॉलेजच्या आधी बारावीच्या वर्गात लावावं. तेव्हा बहुतेक पोरं संध्याकाळी घरी जेवायला असतात.