स्क्वालेन

स्क्वालेन : सौंदर्यप्रसाधनांत त्वचा मऊ ठेवण्यासाठी वापरले जाणारे रंगहीन, वासहीन, पातळ तेल. माणसाच्या त्वचेवर असणाऱ्या ‘स्क्वालीन’ या स्निग्ध हायड्रोकार्बनाचे हे टिकाऊ रूप होय.

त्वचेतील तैलग्रंथींतून पाझरणाऱ्या सीबममध्ये सुमारे १२ टक्के स्क्वालीन असते. शरीरात कोलेस्टेरॉल बनताना मधल्या टप्प्यावर हा पदार्थ तयार होतो. तैलग्रंथींत मात्र त्याचे पुढे कोलेस्टेरॉल फारसे होत नाही, म्हणून तो तसाच त्वचेवर येतो. त्याच्या रेणूत (C₃₀H₅₀) सहा दुहेरी बंध असल्याने ऊन व हवा लागताच तो खवट होतो; अशा खवट स्क्वालीनचा मुरमांशीही संबंध आहे. बाटलीत भरून विकायला ते अर्थातच गैरसोयीचे. हायड्रोजन जोडून हे बंध भरले की स्क्वालेन (C₃₀H₆₂) मिळते. जाहिरातीतले ‘तुमच्या त्वचेचेच तेल’ हे वर्णन त्यामुळे अर्धेच खरे आहे.

जपानी रसायनशास्त्रज्ञ मित्सुमारु त्सुजिमोतो यांना १९०६ मध्ये खोल समुद्रातील शार्कच्या (मुशीच्या) यकृततेलात स्क्वालीन सापडले. शार्कला हवेची पिशवी नसते. तरंगायला हे हलके तेल तिला उपयोगी पडते. या तेलासाठी सावकाश वाढणाऱ्या, थोडीच पिल्ले देणाऱ्या शार्कच्या जातींची मोठी शिकार झाली. ऑलिव्ह तेल शुद्ध करताना उरणाऱ्या भागातूनही स्क्वालीन काढतात. अलीकडे उसाच्या साखरेवर यीस्ट वाढवून फार्नेसीन हे लहान रेणूचे हायड्रोकार्बन मिळवतात आणि त्याचे दोन-दोन रेणू जोडून स्क्वालेन बनवतात. उपवासाच्या राजगिऱ्याच्या तेलात स्क्वालीनचे प्रमाण ऑलिव्हपेक्षा कितीतरी जास्त असते, पण मुळात दाण्यात तेलच थोडे. रेणू एकच असल्याने माल शार्कचा की वनस्पतीचा हे नुसते पाहून कळत नाही. कार्बनच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंचे) प्रमाण तपासावे लागते.

स्क्वालेन पाणी खेचून घेत नाही; पृष्ठभागावर पातळ थर धरून आतला ओलावा उडू देत नाही. म्हणून आंघोळीनंतर किंचित ओलसर त्वचेवर ते लावणे चांगले. शृंगस्तरातील (त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील) पेशींमधली जागा भरणारे स्निग्ध पदार्थ वेगळे असतात : सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मुक्त मेदाम्ले. इसबासारख्या विकारात सिरामाइड कमी पडतात आणि ती उणीव नुसत्या स्क्वालेनने भरून निघत नाही.