आत्याच्या स्वप्नातलं पाणी

२०२४च्या श्रावणातली गोष्ट. पहाटे पावणेपाचला पुण्यातल्या गोखलेनगरहून आत्याचा फोन आला. अशा वेळी फोन वाजला की छातीत धस्स होतंच. "काही झालेलं नाही गं," ती म्हणाली, "पुन्हा तेच स्वप्न. जिन्यात पाणी, गढूळ. एकेक पायरी वर चढतंय. आपला तांब्याचा हंडा त्यात गरगर फिरतोय. जाग आली तरी क्षणभर हातपाय हलेनात. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटलं."

तीन आठवड्यांत चौथ्यांदा हे स्वप्न पडलं होतं. शेजारच्या काकूंनी एका पुस्तिकेतून अर्थ काढून दिला होता: स्वच्छ पाणी दिसलं तर धनलाभ, गढूळ दिसलं तर घरात आजारपण. त्यातून स्वप्न पहाटेचं, म्हणजे खरं होणारच. तेव्हापासून आत्या परदेशातल्या मुलाला दिवसातून दोनदा फोन करून "बरा आहेस ना रे?" विचारत होती. स्वप्नापेक्षा त्या पुस्तिकेनं तिच्या जिवाला लावलेला घोर मला जास्त खुपला. दुसऱ्या दिवशी रात्री मी तिच्याकडेच राहायला गेले.

आधी पहाटेचं सांगते, कारण तिच्या भीतीचा निम्मा भार त्यावर होता. आपली झोप रात्रभर एकसारखी नसते. साधारण ९० मिनिटांचा एक फेरा, असे रात्रीत चार-पाच फेरे होतात. फेऱ्याच्या शेवटी शेवटी एक टप्पा येतो, त्यात मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात. शिकागो विद्यापीठातल्या युजीन ॲसेरिन्स्की या संशोधक विद्यार्थ्यानं स्वतःच्या लहान मुलाच्या डोळ्यांपाशी तारा चिकटवून ही हालचाल नोंदवली होती. त्यानं आणि त्याचे मार्गदर्शक नथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ साली हा शोध प्रसिद्ध केला. या टप्प्याला 'रेम' झोप म्हणतात. या झोपेतून कुणाला उठवलं तर बहुतेक वेळा तो एखादं भरगच्च स्वप्न सांगतो.

रात्रीच्या पहिल्या फेऱ्यात रेम झोप जेमतेम काही मिनिटांची असते. पहाटेकडे ती अर्ध्या तासापर्यंत लांबते. त्यामुळे सगळ्यांत लांब आणि ठसठशीत स्वप्नं पहाटेच पडतात, आणि लगेच जाग येत असल्यानं तीच आठवतात. पहाटेच्या स्वप्नाला आपल्याकडे एवढा मान मिळाला तो यातूनच असणार, असं मला वाटतं. त्यात उद्याची बातमी असते याला आधार काही नाही.

छातीवर बसणाऱ्याचंही उत्तर इथेच आहे. रेम झोपेत मेंदूचा देठ शरीराचे बहुतेक स्नायू सैल सोडून देतो. फ्रान्समधल्या लिऑनचे मिशेल जुवे यांनी मांजरांच्या मेंदूतला हा लगाम काढून पाहिला, तेव्हा गाढ झोपलेली मांजरं उठून न दिसणाऱ्या सावजावर झेपा घेऊ लागली. आपल्यालाही हा लगाम आहे म्हणून स्वप्नात पळताना आपण पलंगावरून उठून खरंच पळत नाही. कधीकधी मन आधी जागं होतं आणि स्नायू काही क्षण मागे राहतात. तेव्हा हात हलत नाही, श्वास कोंडल्यासारखा वाटतो, खोलीत कुणीतरी असल्याचा भास होतो. गावोगावी याची जबाबदारी मुंजावर नाहीतर हडळीवर टाकली गेली. माणूस घाबरतो ते अगदी खरं असतं, पण काही क्षणांत स्नायू परत ताब्यात येतात.

आता पाण्याकडे वळू. आत्याची सत्तरी उलटली आहे. १२ जुलै १९६१ला ती आठ वर्षांची होती, आणि घर ओंकारेश्वराजवळच्या एका वाड्यात, नदीला लागून. त्या दिवशी सकाळी आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण फुटलं, त्याचं काम अजून पुरं व्हायचं होतं. तो लोंढा खडकवासल्याला पेलला नाही, आणि तेही धरण फुटलं. नारायण, शनिवार, सोमवार पेठांत, डेक्कनवर, शिवाजीनगरात पाणी शिरलं. आत्याच्या आईनं दोन्ही मुलांना काखेत मारून जिना चढला. खाली पाण्यात हंडा गरगरत होता, त्याच्याकडे आत्या कठड्यातून बघत राहिली. वाडा राहिला नाही. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरात वसाहत उभी राहिली, तिथे हे कुटुंब आलं आणि तिथलंच झालं.

हे सगळं घरात सर्वांना ठाऊक आहे. तरीही पुस्तिका उघडणाऱ्या काकूंनी, आणि खुद्द आत्यानंही, स्वप्नातल्या पाण्याचा पानशेतशी संबंध जोडला नव्हता. "ते जुनं झालं गं," ती म्हणाली. मी विचारलं, "मग आत्ताच का आलं?" थोडा वेळ गप्प राहून तिनं मोबाइल पुढे केला. २५ जुलैला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं होतं. खडकवासल्याचं पाणी सोडलेलं, लोक बोटीतून बाहेर काढले जाताहेत, पार्किंगमधल्या गाड्या बुडालेल्या. ती चित्रफीत तिनं कितीदा पाहिली असेल, याची मोजदाद नव्हती.

स्वप्नसंशोधकांना ही चाल ओळखीची आहे. दिवसाचे अनुभव स्वप्नात एक-दोन रात्रींत डोकावतात, आणि पुन्हा पाच ते सात दिवसांनी. अमेरिकेत कॅल्विन हॉल यांनी सर्वसामान्य माणसांची हजारो स्वप्नं गोळा केली, त्यातली माणसं, जागा, भांडणं, भीती यांची मोजणी केली. त्यांच्या कामातून पुढे आलेला विचार असा की जागेपणी ज्याचा घोर असतो तेच स्वप्नात चालू राहतं. मराठीत पाच शब्दांत तो आहेच: मनी वसे ते स्वप्नी दिसे.

आणि मनात वसणं म्हणजे नुसतं आठवणं नव्हे. रेम झोपेत मेंदूतलं भीतीचं केंद्र, बदामाच्या आकाराचं अमिग्डला, चांगलंच जागं असतं, आणि तर्क लावणारा कपाळामागचा भाग मंदावलेला असतो. त्यामुळे भावना पूर्ण ताकदीनं येते आणि चित्रं मात्र सुटीसुटी, कुठूनही उचललेली. आत्याच्या स्वप्नातला जिना वाड्याचा नाही, आत्ताच्या इमारतीचा आहे. हंडा १९६१चा आहे. म्हणून स्वप्नाचा अर्थ लावताना मी वस्तूंच्या आधी भावना विचारते: त्या वेळी नेमकं काय वाटत होतं, आणि तसं जागेपणी शेवटचं कधी वाटलं?

पुस्तिकेतल्या याद्यांबद्दल माझा आक्षेप इथे आहे. पोहणाऱ्या मुलीला पाणी वेगळं, टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला वेगळं, आणि लोंढ्यातून वाचलेलीला अगदीच वेगळं. दुसऱ्या शतकातला ग्रीक स्वप्नार्थकार आर्तेमिदोरस याला भविष्य सांगायचंच होतं, तरी स्वप्न पाहणाऱ्याचा धंदा, तब्येत, परिस्थिती कळल्याशिवाय अर्थ सांगू नये, असं तो बजावतो. मनोविश्लेषक फ्रॉइड यांच्या नावावर प्रतीकांची ठरीव यादी खपवली जाते, पण त्यांच्या पद्धतीत स्वप्न पाहणाऱ्यानं एकेका तुकड्यावरून मनात येईल ते बोलत जाणं हेच मुख्य होतं.

आपल्याकडे चरकसंहितेत स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषांतून आलेलं. यातल्या पहिल्या पाचांना फळ नसतं, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. हे वाचून दाखवल्यावर आत्याचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. माझ्या मेंदूच्या गोष्टींपेक्षा तिला चरक जवळचा वाटला, आणि त्यात वावगं काही नाही. पुढचं सुचवणाऱ्या स्वप्नाला मात्र आजचं विज्ञान पाठिंबा देत नाही, हेही मी तिला सांगितलं.

शरीरातून येणारी स्वप्नं हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. दात पडल्याचं स्वप्न घ्या. घरातलं कुणी जाणार, म्हणून लोक हादरून जातात. २०१८ साली इस्रायलमध्ये २१० विद्यार्थ्यांच्या पाहणीत अशा स्वप्नांचा संबंध मनाच्या त्रासाशी आढळला नाही. तो आढळला उठल्यावर दात, हिरड्या आणि जबडा आखडलेला असण्याशी. विल्यम डिमेंट आणि एडवर्ड वोलपर्ट यांनी १९५८ साली रेम झोपेतल्या माणसांवर गार पाण्याचा फवारा मारून पाहिला. शंभरातल्या ४२ वेळा तो स्वप्नात शिरला: कुठे पाऊस, कुठे गळकं छप्पर. प्रकाश २३ वेळा शिरला, आवाज फक्त ९ वेळा. मी राहिले त्या रात्री आत्याच्या खिडकीखालच्या पत्र्यावर गच्चीचं पाणी धो धो पडत होतं आणि झडपेतून बारीक तुषार तिच्या उशीपर्यंत येत होते. आवाजाचा हिशोब ९वर थांबतो म्हणून पत्र्यावर सगळं खापर फोडत नाही, पण पलंग मात्र आम्ही सकाळीच भिंतीकडे सरकवला.

मग औषधांचा डबा पाहिला. हात थरथरतात म्हणून जुलैत तिला प्रोप्रॅनोलॉल ही 'बीटा ब्लॉकर' गटातली गोळी सुरू झाली होती. या गटातल्या काही गोळ्यांनी भयस्वप्नं पडू शकतात, हे वैद्यकात नोंदलेलं आहे. अशी गोळी आपल्या मनानं एकदम बंद करणं धोक्याचं असतं, म्हणून तिच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी गोळीची मात्रा हळूहळू कमी करत नेली.

सदाशिव पेठेत अभ्यासिकेत दिवस काढणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. परीक्षेला उशीर झाला, हॉल तिकीट सापडत नाही, पेपर कोरा राहिला, ही स्वप्नं नापास होण्याची खूण नाहीत. पॅरिसमध्ये वैद्यकीय प्रवेशाची स्पर्धा परीक्षा दिलेल्या ७१९ जणांना विचारलं, तेव्हा १०० पैकी सुमारे ६० जणांना आदल्या रात्री परीक्षेचंच स्वप्न पडलं होतं, आणि त्यातल्या बहुतेकांत काहीतरी बिघडलेलं होतं. ज्यांना परीक्षेआधीच्या सत्रात परीक्षेची स्वप्नं जास्त पडली, त्यांना गुण थोडे जास्तच मिळाले होते.

काही गोष्टी मात्र अर्थ लावत बसण्याच्या नाहीत. उतारवयात कुणी झोपेत लाथा झाडत असेल, ओरडत असेल, शेजारच्याला मार लागत असेल, तर तो सैल पडलेला लगाम असतो. पुढे पार्किन्सन होण्याशी त्याचा संबंध आढळला आहे, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावं. लहान मूल झोप लागून तास-दोन तासांत किंचाळत उठलं आणि सकाळी त्याला काहीच आठवलं नाही, तर ते स्वप्न नव्हे. ती गाढ झोपेतली अर्धवट जाग असते, आणि बहुतेक मुलांची वयाबरोबर जाते.

परत परत येणाऱ्या भयस्वप्नावर एक साधा उपाय आहे, आणि तो तपासून पाहिलेला आहे. जागेपणी ते स्वप्न लिहून काढायचं, त्यात हवा तो बदल करायचा, आणि बदललेलं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळे मिटून मनात चालवायचं. अमेरिकेत बॅरी क्रॅको आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचारातून गेलेल्या १६८ स्त्रियांसोबत हे करून पाहिलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांची भयस्वप्नं कमी झाली, झोप सुधारली. इतक्या खोल जखमेच्या बाबतीत हे समुपदेशकाच्या सोबतीनंच करावं.

आत्याला मी वही दिली. "पाणी काढून टाकू का?" मी विचारलं. "नको," ती म्हणाली, "पाणी आलंच होतं. ते नाही म्हणून कसं चालेल? मी खाली जाऊन हंडा उचलते." मग तिनं जिन्याच्या पायऱ्या मोजून लिहिल्या, सोळा. हंड्याला पडलेला पोचा लिहिला. आईच्या हाताला त्या दिवशी तुपाचा वास येत होता, हेही लिहिलं. आम्हा कुणाला ते माहीत नव्हतं. रोज दुपारी चहाआधी ती डोळे मिटून बसायची.

गोळी कमी झाली होती, पलंग सरकला होता, वही चालू होती. त्यातलं नेमकं कशानं काय झालं, ते एका आत्यावरून सांगता येणार नाही. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, सकाळी नऊला. स्वप्न आलं होतं. हंडा हाताला लागला की नाही, ते तिला आठवत नव्हतं. पाणी तिसऱ्या पायरीवर थांबलं होतं.