वंशावळीत एकाच व्यक्तीचे दोन पिता आढळल्यास

मध्ययुगीन इंग्लंडमधील घराण्यांच्या वंशावळी तपासून देताना आमचा सर्वाधिक वेळ परस्परविरोधी पुरावे निस्तरण्यात जातो. ‘दहा ठिकाणी तसेच छापले आहे’ असे ग्राहक सांगतात. परंतु ती दहाही ठिकाणे एकाच जुन्या चुकीवरून उतरवलेली असतील, तर आमच्या लेखी तो एकच पुरावा असतो.

सरेचा पहिला अर्ल विल्यम द वॉरेन याची पत्नी गुंड्राडा १०८५ मध्ये वारली. या दांपत्याने स्थापलेल्या लुइस येथील मठाच्या कागदांवरून ती ‘विजेता’ विल्यम राजाची मुलगी असल्याचे दीर्घकाळ मानले गेले. संस्थापिका राजकन्या ठरण्यात मठाचाच मोठेपणा होता, हे अर्थातच ध्यानात घ्यावे लागते. बाराव्या शतकातील इतिहासकार ऑर्डरिक व्हिटॅलिस मात्र तिला गेर्बोड नावाच्या फ्लेमिश सरदाराची बहीण म्हणतो.

आमच्या मते निर्णायक ठरते ते आर्चबिशप अन्सेल्म यांनी ‘विजेता’ विल्यमचा मुलगा राजा पहिला हेन्री यास लिहिलेले पत्र. हेन्रीची एक मुलगी गुंड्राडाच्या मुलास देण्याचे घाटत होते. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे अनेक समाजांत आहे. त्या काळच्या चर्चला मात्र सातव्या पिढीपर्यंतचे नाते विवाहास वर्ज्य होते. वधूवरांचे नाते एका बाजूने चौथ्या आणि दुसऱ्या बाजूने सहाव्या पिढीत जुळते, म्हणून अन्सेल्म यांनी हा विवाह नाकारला. गुंड्राडा हेन्रीची सख्खी बहीण असती, तर ही दोघे थेट आतेमामे भावंडे ठरली असती, आणि समोरचे नाते सोडून आर्चबिशप दूरच्या पिढ्या मोजत बसले नसते.

कित्येकदा विसंगती केवळ वाचनाची असते. लॅटिन ‘नेपोस’ हा शब्द पुतण्या, भाचा आणि नातू या तिघांनाही लागतो. वर्ष २५ मार्चला बदलत असल्यास फेब्रुवारी १३४९ ची नोंद आपल्या हिशेबाने १३५० ची असते. जमीनदाराच्या मृत्यूनंतरच्या सरकारी चौकशीत पंच वारसाचे वय ‘तीस व अधिक’ असे मोघम सांगत. त्यावरून जन्मसाल ठरवण्याचा आग्रह कृपया धरू नये.

आपल्याकडील तक्ता देताना त्यातील प्रत्येक दुवा कोठून घेतला, हे आठवेल तेवढे लिहून द्यावे. जो दुवा सिद्ध होणार नाही तो आम्ही तुटक रेषेने दाखवतो, आणि ग्राहकाच्या इच्छेखातर ती रेषा सलग करून देत नाही.