कातळाचा स्वभाव

जुलैचे दिवस. पाचनईतून हरिश्चंद्रगडाकडे निघालो तेव्हा ओढ्यात जेमतेम घोट्याइतकं पाणी होतं. दुपारी उतरताना तोच ओढा चहाच्या रंगाचा झालेला, आणि आमच्या डोक्यावर पाऊस नावालाही नाही. पलीकडे गुरं घेऊन उभे असलेले एक मामा ओरडले, "पोरांनो, तिकडंच थांबा! वर पडतोय." पाऊण तास बसलो. पाणी ओसरलं, मग आलो.

"वर पडतोय" या दोन शब्दांत बरंच भूविज्ञान आहे. इथला डोंगर म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. थिजून झालेला हा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा कातळ, पाणी जवळजवळ पीतच नाही. जे काही मुरतं ते फटींतून. वरची माती कुठे वीतभर, कुठे तेवढीही नाही. ती भिजून गच्च झाली की पुढची सर उतारावरून थेट ओढ्यात येते, आणि ओढा बघता बघता चढतो. पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला, आवाज बदलला, की आधी काठ गाठायचा. मग फोटो. जून 2024 मध्ये लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मधोमध असलेल्या खडकावर ते उभे होते आणि पाणी चारी बाजूंनी वाढलं.

पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायावरचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. आणि तळातले दगड? वेग दुप्पट झाला तर पाणी जवळपास 64 पट वजनाचा दगड ढकलू शकतं, असा एक जुना ढोबळ नियम आहे. (छपाईची चूक नाही, वेगाचा सहावा घात.) गुडघाभर गढूळ पाण्यात माणूस पडतो तो बऱ्याचदा असा न दिसणारा धोंडा नडगीवर आदळून.

कोरड्या कातळावर काळे ओघळ दिसतात ना, ते नुसते डाग नसतात. उन्हाळाभर वाळून बसलेले ते सूक्ष्म नील-हरित जीव असतात. पहिल्या सरीत ते फुगतात, बुळबुळीत होतात, आणि हजारभर रुपयांच्या बुटाचा सोल काही कामाचा राहत नाही. मी असाच एकदा बसकण मारत चार हात खाली आलोय. पाय ठेवायचा तर खरबरीत, फिकट दगडावर, अख्खा तळवा टेकवून.

लाव्ह्याचे सगळे थर सारखे टणक नसतात. मधला ठिसूळ थर झिजतो, वरचा टणक थर छज्जासारखा पुढे राहतो. या छज्जाखाली आग्या मोहोळ लटकतं. त्याच्या माश्या पोकळीत लपत नाहीत; एकच उघडं पोळं, त्यावर माश्यांचीच गोधडी, आणि राखणीला हजारो नांग्या. एक माशी डसली की नांगीबरोबर एक रसायन सुटतं, वास पिकलेल्या केळ्यासारखा. बाकीच्यांना तो वास म्हणजे "शत्रू इथे आहे" अशी खूण. म्हणून पहिल्या डंखानंतर हात झाडत जागीच नाचणं सगळ्यात वाईट. तोंड-डोकं झाकून तिथून लांब पळायचं. रुतलेली नांगी विषाची पिशवी रिकामी करतच राहते, ती सुरक्षित जागी पोचताच नखाने खरवडून काढायची. कड्याखाली शेकोटी, मोठ्याने गाणी, भडक अत्तर यांनी काय होईल ते वेगळं सांगायला नको. शिवाय हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे जाळ कशाला हवाय?

वाटेचं मात्र थोडं सांगतो, कारण तिथला गुन्हा आपल्याला गुन्हाच वाटत नाही. नागमोडी वाट सोडून सरळ खाली उतरायचा मोह तोलार खिंडीच्या चढावरही होतो. पाच मिनिटं वाचतात. पण तुमच्या बुटांनी गवत उखडलं की पाण्यालाही तोच सरळ रस्ता सापडतो. सरळ उतारावर वेग वाढतो, वेग वाढला की वर सांगितलेलं 64 पटींचं गणित मातीवर चालू होतं. दोन-तीन पावसाळ्यांत तिथे नाळ, म्हणजे अरुंद घळ पडते, नाळेत घसारा, म्हणजे सुटे दगड-माती साठते, आणि पुढे तिथून उतरणाऱ्याच्या पायाखालचा दगड सुटतो तो त्याच्या खाली चालणाऱ्याच्या डोक्यावर. तसा दगड सुटला तर "दगड!" म्हणून जिवाच्या आकांताने ओरडायचं, लाजायचं नाही.

वर टाक्यांतल्या पाण्यात साबण लावून डुंबणारेही भेटतात. टाक्याला वाहतं तोंड नसतं, तो फेस तिथेच राहतो, आणि बेडूक कातडीनेही श्वास घेतो.

कोकणकड्यावर पोचलात की कडेला पालथं पडून बघा, उभं राहून नाही. पावसाळ्यात धारेवरचं गवत कड्याच्या पुढे झुकलेलं असतं. त्याखाली जमीन आहे असं डोळ्यांना वाटतं. आणि खालून वर येणारा वारा तिथे इतका जोराचा असतो की भिरकावलेलं बिस्किटाचं पाकीट बऱ्याचदा परत आपल्याच तोंडावर येतं.