आई-बाबांची औषधं आमच्याकडे देताना: घरच्यांसाठी माहितीपत्रक

"एक साधी गोळी तर द्यायची आहे, त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी कशाला?"

भेटीच्या वेळेत आमच्या ज्येष्ठांच्या निवासातल्या नर्सिंग काउंटरवर हे वाक्य हमखास ऐकू येतं. म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. आईचे गुडघे दुखतायत, बाबांना सर्दी झालीय, घरात गोळी होती, येताना खिशात टाकली, एवढंच. सिस्टर ती घेऊन बाजूला ठेवतात, "आधी डॉक्टरांना विचारते" म्हणतात, आणि मग थोडी कुरबुर होते. ती टळावी म्हणून हे पत्रक. खोली, जेवण, कपडे, भेटीच्या वेळा यांबद्दल प्रवेशाच्या वेळच्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे. इथे बोलायचंय ते औषधांबद्दल, कारण तुमचा आणि आमचा सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो.

इथला दिवस औषधांच्या वेळांवर बसवलेला असतो

थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते, नाश्त्याच्या निदान अर्धा तास आधी. म्हणून काही आजींना इतरांच्या आधी उठवलं जातं. हाडांच्या ठिसूळपणावरची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी असेल, तर ती पेलाभर साध्या पाण्याबरोबर देतात आणि पुढे अर्धा तास आडवं होऊ देत नाहीत, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करू शकते. त्या दिवशी मावशी त्यांना खुर्चीत बसवून सोबत गप्पा मारत थांबतात. "आज आईला एवढ्या लवकर का उठवलं? झोप झाली नाही म्हणत होती," असा फोन आला, तर कारण बहुधा हेच असतं.

लघवी जास्त होण्याची गोळी शक्यतो सकाळीच देतो. संध्याकाळी दिली तर रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, आणि वयस्कर माणूस पडतो तो बरेचदा असाच, अर्धवट झोपेत बाथरूमकडे जाताना. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी दिल्यावर जेवण लांबलं, तर साखर एकदम खाली येऊ शकते. त्यामुळे "आम्ही अर्ध्या तासात पोचतोय, बाबांना जेवायला थांबवा" असं सांगितलं तर आम्ही थांबवत नाही. तुम्ही या, शेजारी बसा, त्यांचं जेवण मात्र वेळेवर होऊ द्या. पार्किन्सनच्या औषधाचं गणित याहून नाजूक. डोस थोडा पुढे सरकला तरी काहींचं अंग आखडतं, पाऊल उचलत नाही. म्हणून त्यांची अंघोळ, व्यायाम, बागेतली फेरी, सगळं औषधाचा अंमल असतानाच्या वेळेत बसवलेलं असतं.

औषधांची फेरी चालू असताना सिस्टरना हाक मारू नका, ही विनंती याचसाठी. त्या वेळी त्या फोनही उचलत नाहीत. हा तुसडेपणा नाही. एकाच्या डबीतली गोळी दुसऱ्याच्या हातात जाण्याची भीती सर्वांत जास्त असते ती कामात मध्येच कोणी बोलायला लागलं की. फेरी संपली की हवं तेवढं बोला.

आमचा सर्वांत जास्त वेळ खाणारी पिशवी

महिन्याची औषधं म्हणून जी पिशवी येते तिच्यात बहुतेक वेळा काय असतं? कात्रीने कापलेल्या स्ट्रिपचे तुकडे. जुन्या डबीत एकत्र केलेल्या सुट्या गोळ्या. मागच्या वर्षीची चिठ्ठी. आणि सोबत तोंडी निरोप: "त्यातली पांढरी आता बंद आहे, गुलाबी अर्धी द्यायची."

पांढऱ्या गोळ्या पिशवीत चार प्रकारच्या असतात. स्ट्रिप कापली की औषधाचं नाव एका तुकड्यावर राहतं आणि मुदतीची तारीख दुसऱ्या. मग सिस्टर तुम्हाला फोन करतात. तुम्ही मीटिंगमध्ये असता. तुम्ही भावाला विचारता, भाऊ वहिनींना. शेवटी आम्ही डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावतो, तिथे डॉक्टर संध्याकाळी भेटणार असतात. या सगळ्यात एखादा डोस मागे पडतो, आणि "तुमच्याकडे औषधं वेळेवर देत नाहीत" हे आम्हाला ऐकावं लागतं. थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोला.

म्हणून पिशवीत एवढं असू द्या: अख्ख्या स्ट्रिप, आणि सध्या चालू असलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर औषधाचं नाव, ताकद, किती वेळा, जेवणाआधी की नंतर आणि किती दिवस, हे असायला हवं. "आधीसारखंच चालू ठेवा" एवढंच लिहिलेली चिठ्ठी आमच्या उपयोगाची नाही. तपासायला जाल तेव्हा नावं स्पष्ट लिहून मागा, त्यात संकोच नको. आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध असेल तर वारही लिहून घ्या. संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा द्यायचं असतं. चुकून रोज दिलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. असं औषध आम्ही वेगळ्या कप्प्यात ठेवतो आणि देताना दोघांच्या सह्या घेतो.

इन्सुलिन आणणार असाल तर ते उन्हातल्या गाडीत ठेवून बाजारहाट करत येऊ नका. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं, आणि गोठलं तर ते वायाच जातं. वापरात असलेलं पेन खोलीच्या तापमानाला साधारण ४ आठवडे चालतं, मात्र कंपनीप्रमाणे हे थोडं बदलतं. डोळ्यांच्या थेंबांची बाटलीही उघडल्यावर बहुधा महिनाभरात टाकून द्यायची असते. घरी अर्धी वापरलेली आणाल तर उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून आणा. तारीख नसेल तर आम्ही नवी मागवतो, त्यावर हुज्जत नको.

हॉस्पिटलमधून परत येताना

याचा एक वेगळा त्रास आहे. हॉस्पिटलमधून नवी यादी मिळते, घरची जुनी यादी तशीच असते, आणि दोन्ही पिशव्या आमच्याकडे येतात. एकच औषध वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात, त्यामुळे बीपीची तीच गोळी दोन नावांनी दोन्ही पिशव्यांत सापडते. दोन्ही दिल्या तर बीपी उतरतं आणि आजोबा खुर्चीतून उठताना चक्कर येऊन पडतात.

डिस्चार्ज घेताना तिथल्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. नवीन काय सुरू केलं? जुन्यातलं काय बंद केलं? कशाचा डोस बदलला? बंद केलेल्याबद्दल आवर्जून विचारा, कारण कार्डावर बहुधा काय द्यायचं तेच लिहिलेलं असतं. मग हॉस्पिटलमधून निघण्याआधी कार्डाचा फोटो आम्हाला पाठवा. तुम्ही तिथून निघेपर्यंत सिस्टर दोन्ही याद्या ताडून ठेवतात आणि काही शंका असेल तर तुम्ही तिथे असतानाच विचारता येते. रात्री उशिरा नुसती गोळ्यांची पिशवी घेऊन आलात तर सगळं सकाळपर्यंत अडतं.

खिशातली गोळी

आता ती "साधी" गोळी. ताप-अंगदुखीची पॅरासिटामॉल सगळ्यांच्या ओळखीची आहे. धडधाकट प्रौढ माणसाला २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलीग्रॅमच्या ८ गोळ्या, आणि वजन कमी असलेल्या किंवा यकृत कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्याहून कमी. सर्दीच्या कित्येक गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं. आम्ही दिलेली, तुम्ही दिलेली आणि सर्दीच्या गोळीतली, यांची बेरीज कोणी करायची? काउंटरवर नोंद असेल तरच ती होते.

सर्दीच्या जुन्या धाटणीच्या गोळ्यांनी, उदाहरणार्थ क्लोरफेनिरामिनने, तरुण माणसाला नुसती झोप येते. ऐंशीच्या घरातल्या आजोबांना त्याच गोळीने दिवसभर भ्रम झाल्यासारखं होऊ शकतं, आणि प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी अडू शकते. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या दुखऱ्या गुडघ्यांवरच्या गोळ्यांनी बीपी वाढतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. रक्त पातळ करणारं औषध चालू असताना त्या घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका बराच वाढतो. दुपारी तुम्ही गोळी देऊन गेलात, रात्री आजी गोंधळल्यासारखं बोलू लागल्या, तर आमचे डॉक्टर संसर्ग शोधतात, शुगर तपासतात, मेंदूला काही झालं का ते पाहतात. खिशातल्या गोळीची शंका कोणाला येणार?

टॉनिक, काढा, कॅल्शियम, झाडपाल्याचं औषध हेसुद्धा आमच्या लेखी औषधच. कॅल्शियम किंवा लोह थायरॉईडच्या गोळीच्या जवळपास दिलं तर ती नीट शोषली जात नाही. मध्ये चार तासांचं अंतर लागतं. झाडपाल्याची काही औषधं रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या कामात ढवळाढवळ करतात. बंद करा असं आमचं म्हणणं नाही. काउंटरवर दाखवा, डॉक्टरांनी होकार दिला की तक्त्यात चढवतो आणि वेळेवर देतो. भेटीला येताना प्रेमाने आणलेली वस्तू परत केली जाते तेव्हा मन खट्टू होतं, हे आम्हाला समजतं. गोळीऐवजी दुसरं काही आणा. त्यांच्या जुन्या फोटोंचा अल्बम आणलात तर आठवडाभर खोलीत गर्दी असते.

काही आक्षेप आणि आमची बाजू

"गोळी कुटून खाण्यात मिसळून द्या, आई गिळत नाही." काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठीच बनवलेल्या असतात. कुटली की दिवसभराचा डोस एकाच वेळी अंगात जातो. गिळायला त्रास होत असेल तर आधी सांगा, बरेचदा तेच औषध पातळ स्वरूपात मिळतं. आणि त्या नको म्हणत असताना लपवून आम्ही काही देत नाही. थोड्या वेळाने दुसरं कोणीतरी जाऊन पुन्हा विचारतं. तरीही नाही म्हटलं तर तशी नोंद करतो आणि डॉक्टरांना कळवतो. "नाही" म्हणण्याचा हक्क इथे राहायला आल्याने जात नाही.

"बाबा स्वतःची औषधं स्वतः घेऊ शकतात, मग काउंटरवर कशाला?" अगदी घेऊ शकतात. ज्यांना वेळा आणि नावं नीट आठवतात, त्यांच्या खोलीत कुलपाचा खण दिलेला असतो. सिस्टर अधूनमधून फक्त गोळ्यांचा हिशोब जुळतो का ते पाहतात. तरी चिठ्ठीची एक प्रत आमच्याकडे असायलाच हवी, कारण रात्री रुग्णवाहिका बोलवावी लागली तर "कोणती औषधं चालू आहेत?" हाच पहिला प्रश्न येतो.

पिशवीची ही सगळी खटपट नको असेल, तर औषधं आणण्याचं काम आमच्यावर सोपवता येतं. चिठ्ठी एकदा द्या. संपायच्या आत नवी औषधं येतात, दुकानाचं मूळ बिल जसंच्या तसं तुम्हाला मिळतं, वर आम्ही काही चढवत नाही. दर महिन्याला औषधांच्या तक्त्याचा फोटो फोनवर येतो आणि डॉक्टरांनी केलेला बदल त्याच दिवशी कळवला जातो. परगावी राहणाऱ्या मुलामुलींनी ही सोय घेतल्यापासून त्यांचे आमच्याकडचे फोन औषधांऐवजी गप्पांचे झालेत. अजून कायमचं राहायचं की नाही हे ठरलेलं नसेल, तर थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठीही हीच व्यवस्था लागू आहे.

जाता जाता एवढंच: चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्रावर नाव घालून आणा. कवळीवर नाव घालायला बहुतेक जण विसरतात.

आणि दोन-चार दिवस घरी नेणार असाल तर आदल्या दिवशी सांगा. वेळेप्रमाणे कप्पे केलेली डबी आणि तक्त्याची प्रत आम्ही तयार ठेवतो. एखादा डोस राहिला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका, आम्हाला फोन करा. उरलेल्या गोळ्या डबीतच राहू द्या आणि ती तशीच काउंटरवर परत द्या. काय दिलं गेलं आणि काय राहिलं, ते आम्हाला त्यावरून कळतं.